प्रत्येक मण्यामागे गाठ

मी एक जुनी पोत आहे आणि मला राग फार येतो. मित्रांनो, जुन्या वस्तू शांत असतात, कोपऱ्यात पडून सुस्कारे सोडतात, असं तुम्हाला वाटत असेल. मी तशी नाही. माझ्यात सोनं नाही, मोती नाहीत. काळे काचेचे मणी, मधूनच थोडे लाल आणि दुहेरी पिळाचा दोरा, एवढंच माझं अंग. पण या अंगावर जे घडलं, ते आठवलं की अजूनही माझा एकेक मणी तापतो.

माझा जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, एका पटवेकऱ्याच्या दुकानात. मधोमध सोन्याच्या दोन वाट्या घालून त्यानं मला ओवलं आणि मी कुसुमच्या गळ्यात पडले. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि कुसुम इतकी लहान होती की मी तिच्या पोटापर्यंत लोंबत असे. सागरगोटे खेळताना मी मध्ये येई, म्हणून ती मला पाठीवर टाकायची. नवरा तिनं धड पाहिलाही नव्हता. तो उदगीरला असायचा. एका पावसाळ्यात तो तापानं गेला.

निरोप आला त्या दिवशी बायकांनी कुसुमला अंगणात बसवलं. कुणीतरी माझ्यात बोटं अडकवली आणि हिसडा दिला. एरवी धागा झिजून पोत तुटली तर बायका 'तुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. शब्दाला इतकं जपणारी ही माणसं! त्या दिवशी मात्र 'तोडा' म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही. वाट्या सासरकडच्यांनी नेल्या. मणी अंगणभर उडाले, कोणी तुळशीच्या कट्ट्याखाली, कोणी चिखलात. सगळे आत गेल्यावर त्या पोरीनं आम्हाला एकेक करून वेचलं, पाण्यानं धुतलं आणि काकांच्या तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवलं. तिला वाटलं, खेळायला होतील.

त्या डबीत मी कित्येक वर्षं होते. आतल्या अंधाराचा मला राग नाही. बाहेर जे ऐकू येई त्याचा आहे.

काका म्हणजे दत्तोपंत. कुसुमला आईबाप नव्हते, त्यांच्याच घरी ती राहत होती. ती मोठी होऊ लागली तशी घरात न्हाव्याची गोष्ट निघू लागली. विधवेच्या डोक्यावर केस ठेवायचे नाहीत, ही त्या घरची रीत. कुसुमनं काकांचे पाय धरले. तेव्हा काका म्हणाले, "गावात मुलींची शाळा निघाली हाय, तिथं जा. पण कुणाच्या डोळ्यांवर यायचं न्हाई. बोभाटा झाला की शाळा बंद, अन् न्हावी दारात." तिचे केस आणि तिची शाळा, दोन्ही अशी एकाच खुंटीला टांगलेली होती.

ती शाळेत जाऊ लागली त्या वर्षी पटकीची साथ आली. आईबाप गेलेली किती तरी पोरं सिद्धेश्वराच्या देवळाजवळच्या एका धर्मशाळेत आणून ठेवली होती. त्यांच्या अंगावर धड कपडा नव्हता. शाळेच्या विशाखाबाईंनी मुलींना सांगितलं, "आपण मण्यांच्या पोती, माळा करू आणि जत्रेत विकू. येईल त्यातून पोरांना कपडे घेऊ. घरात तुटकं फुटकं जे पडलं असेल ते आणा."

मुलींनी आणलं. कुणी आजीच्या माळेतले पोवळ्यासारखे लाल मणी, कुणी रानातल्या गुंजा. कुसुमच्या घरी तिला कोण काय देणार? तिनं तपकिरीची डबी आणली.

मित्रांनो, माझा दुसरा जन्म त्या डबीतून झाला. बाकीच्या मुली भराभर ओवत आणि शेवटी एक गाठ मारून मोकळ्या होत. कुसुम प्रत्येक मण्यामागे गाठ मारायची. एक मणी, एक गाठ. पुन्हा एक मणी, पुन्हा एक गाठ. तिची मैत्रीण रुद्राणी, गंजातल्या व्यापाऱ्याची मुलगी, कंटाळून म्हणाली, "काय करून राहिलीस ग? जत्रा संपली तरी तुझी पोत व्हायची न्हाई."

"तुटली तर एकही मणी सांडायला नको," कुसुम म्हणाली.

 रुद्राणीनं स्वतःकडचे थोडे लाल मणी कुसुमच्या ओच्यात टाकले. म्हणून माझ्या काळ्या अंगात मधूनच लाल ठिपके आहेत. मी सुंदर झाले होते, हे मी लाजून सांगणार नाही.

जत्रेत शाळेनं एक मांडव घातला होता. पुढे पाटावर माळा मांडल्या होत्या आणि मुली विकत होत्या. मागे तरटाचा पडदा होता. विशाखाबाईंनी कुसुमला त्या पडद्याआड बसवलं. "तू आत बसून ओव. बाहेर लोक येतात." गोड बोलून बसवलं. काकांच्या अटीची त्यांना कल्पना होती, हे मला कळतं. तरीही मला त्यांचा राग येतो, कारण पडद्याआड ओवलेल्या माळा पडद्याबाहेर त्यांना चालत होत्या.

एका वकिलांच्या पत्नी, ज्यांना सगळे वकिलीणबाई म्हणत, नव्यानं लग्न झालेल्या मुलीला घेऊन आल्या. त्यांनी बरोब्बर मला उचललं. लेकीच्या गळ्यात घालून दूर होऊन पाहिलं. "नजर लागेल ग बाई! घेतली मी ही. अनाथांचंही भलं होईल. कुणाच्या हातची हाय?"

रुद्राणीला राहवलं नाही. "आमच्या कुसुमच्या!"

"कोण कुसुम? दत्तोपंतांची पुतणी?"

मित्रांनो, लेकीच्या गळ्यातून मला ज्या घाईनं काढलं गेलं, तितक्या घाईनं कुणी इंगळीही झटकत नसेल. मला पाटावर फेकलं. "त्या पोरीच्या हातचं माझ्या लेकीच्या गळ्यात? बाई, तुम्हाला अक्कल हाय का न्हाई?"

विशाखाबाई पांढऱ्याफटक पडल्या. मुलींना जमवून ज्या धिटाईचे धडे द्यायच्या, ती धिटाई कुठे गेली? त्या म्हणाल्या, "चूक झाली. ही दुसरी घ्या, ही विमलनं केलेली हाय." मग बाकीच्या बायकाही माळा उलटसुलट करू लागल्या. यातली कुणाची, त्यातली कुणाची? धर्मशाळेतल्या उघड्या पोरांची दया येऊन आलेल्या बायका या! दया होती, पण ती कुणाच्या हातून जावी याचे नियम होते.

तरटाचा पडदा बाजूला झाला. कुसुम बाहेर आली. ती थेट वकिलीणबाईंसमोर उभी राहिली.

"हाव काकू, माझ्याच हातची हाय. अन् हातच न्हाई, मणीही माझेच. अंगणातून वेचलेले."

 "कुसुम, घरी जा," विशाखाबाई खाली बघत म्हणाल्या. कुसुमनं पाटावरून मला उचललं. मला वाटलं, परत डबी. पण तिनं मला आपल्या गळ्यात घातलं आणि भर जत्रेतून, रेवड्यांच्या दुकानांवरून, चार ओळखीच्या माणसांसमोरून ती घरी चालत गेली. रुद्राणी तिच्या शेजारून चालली. 

बोभाटा आमच्याआधी घरी पोचला होता. काका ओसरीवर उभे होते. "काढ ते!"

"न्हाई काका."

"मग उद्या न्हावी येईल."

"येऊ द्या. मी बसणार न्हाई त्याच्यापुढं. मी शाळेत जाणार हाय."

काकांनी पुढे येऊन माझ्यात बोटं अडकवली आणि हिसडा दिला. तोच हिसडा, तेच अंगण. दोरा ताडकन तुटला. काकांचे डोळे आपोआप जमिनीकडे गेले. कुसुमचे गेले नाहीत.

एकही मणी पडला नाही. काकांच्या मुठीत मी अख्खी लोंबत होते.

"द्या इकडं," कुसुम म्हणाली आणि तिनं हात पुढे केला. "एक गाठ मारली की झालं."

काकांनी बोटानं माझी एकेक गाठ चाचपली. मग त्यांनी मला तिच्या तळहातावर टाकलं आणि आत निघून गेले. त्यांच्याकडून न्हाव्याला निरोप गेला नाही. पुढे ते कित्येक दिवस तिच्याशी बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी कुसुम मला घालून शाळेत गेली आणि विशाखाबाईंनी काही म्हणायच्या आत सर्वांत पुढच्या बस्करावर बसली. धर्मशाळेच्या पोरांना कपडे मिळाले. मी मात्र त्यात नव्हते. मी विकलीच गेले नाही.

लोक म्हणतात, जुन्या वस्तूंनी राग धरू नये. मी धरणार. मित्रांनो, तुम्हीही कधी गरिबांसाठी माळा कराल, जत्रेत मांडाल. तेव्हा पडद्याआड कुणाला बसवू नका. कुणी विचारलं, कुणाच्या हातची, तर नाव मोठ्यानं सांगा. आणि माझी काळजी करू नका. माझा दोरा तेव्हापासून पुष्कळदा तुटला. मणी अजून सगळे आहेत.