सदाफुलीचा काढा

कुंदाबाईच्या मेंदूतली गाठ मुंबईला काढली. मागे उरलेल्या अंशासाठी धुळ्याच्या एका दवाखान्यात सुया सुरू झाल्या. ही सुई विषारी असते, असं नवरा निंबा कुठूनतरी ऐकून आला आणि अडून बसला. त्याची भीती घालवायला डॉक्टर म्हणाले, "अहो, हे औषध सदाफुलीतूनच काढतात."

निंबाची भीती गेली. जाताना अक्कलही घेऊन गेली.

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आजवर लोक बिस्किटं आणत, निंबानं डॉक्टरांचं बोलणं गावभर केल्यावर सदाफुली आणू लागले. जळगावची नणंद एसटीत मुळासकट रोपं मांडीवर घेऊन आली. शेजारची द्रौपदाबाई म्हणाली, "आमना दारनी पांढरी शे. जांभळीपेक्षा भारी." सासू भागाबाईनं सगळ्यांची सरमिसळ करून पातेलं चुलीवर ठेवलं. सुई आहेच, वरून हे. दोन्ही मिळून गाठ लवकर मरेल, असा तिचा हिशोब. शिवाय ज्यानं पाला आणला त्याच्या देखत पेला रिकामा झाला पाहिजे, नाहीतर त्याचा अपमान. गाठ कुंदाबाईच्या डोक्यात, मान मात्र गावाचा.

ती प्याली. ओकली. पुन्हा प्याली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात. औषध सोसत नाही यांना. बंदच करावं लागेल."

सुया सुरू झाल्यापासून कुंदाबाईला माणसं पुन्हा एकेकटी दिसू लागली होती. त्याआधी सासूसुद्धा दोन दिसायच्या.

"घरी आणखी काही देता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नही," भागाबाई म्हणाली. निंबा वर पंख्याकडे पाहू लागला. पंखा बंद होता.

सासूचं बोलणं कुंदाबाईनं आजवर खोडलं नव्हतं. तिनं उघड्या डोक्यावर पदर ओढला.

"खोटं सांगतस त्या. रोज पातेलंभर सदाफुली पाजतस माले."

"चूप बस वं!" भागाबाई ओरडली.

डॉक्टर ताडकन उठले. "अहो, विष आहे ते! सुईतलं मी मोजून देतो. पातेल्यातलं कोण मोजतं?"

"तुम्हीच सांगं व्हतं ना, साहेब," निंबा म्हणाला.

डॉक्टर खाली बसले. मग म्हणाले, "काढा आजपासून बंद. पेशी वर आल्या की सुई पुन्हा सुरू करू."

"एक करा, साहेब," कुंदाबाई नवरा-सासूकडे बोट दाखवत म्हणाली. "पुढलं औषध कशानं बनस, ते यास्ले सांगू नका."