रकाना सातवा

रकाना पहिला: वीज.
पंपवाल्याने बिलं सुतळीने बांधून ठेवली होती. पाणीखात्याच्या मॅडमनी एकेक उलटून आकडा लिहिला.

रकाने दोन ते पाच: क्लोरीन, मोटार, पाइप, दुरुस्ती.
भराभर.

(अकरा छोट्या विहिरी बंद करून धरणावरून एकच मोठी वाहिनी आणायची, असं खात्याचं ठरत होतं. प्रयोगशाळा एक, दुरुस्तीची गाडी एक. त्या पाण्याचा हजार लिटरला खर्च चौदा रुपये. जी विहीर चौदाच्या आत बसेल ती वेगळी राहील. पंपवाल्याला आपली राहायला हवी होती. एकोणीस वर्षं तीच त्याची नोकरी.)

रकाना सहावा: पंपवाल्याचा पगार.
आतापर्यंतची बेरीज: अकरा.
"काय म्हणालो होतो!" त्याने आत हाक मारली. "अगं, चहा टाक. साखर सढळ हाताने."

रकाना सातवा: बदली माणूस.
"नाही कुणी."
"तुम्ही आजारी पडलात तर?"
"ही आहे ना. करते कधीकधी."
"कधीकधी कसलं!" बायको कप घेऊन दारात आली. "पहाटेची पाळी रोज माझीच. यांना पाचला उठवण्यापेक्षा मोटार लवकर चालू होते."
मॅडम हसल्या. मग हसू थांबलं. "पगार?"
"कुणाला? मला?" बायकोने मागे वळून पाहिलं, जणू तिथे दुसरंच कुणी उभं होतं.
"यांच्या पहाटेच्या पाळीचा पगार धरला तर सोळा होतात," मॅडम पंपवाल्याला म्हणाल्या. "तुम्ही सांगाल ते लिहीन."

रकाना सातवा: कोरा.

"घरचं माणूस," पंपवाला पुटपुटला. "त्याचं काय धरायचं?"
बायकोने कप पुढे केला. तिच्या तळव्यावर व्हॉल्व्हच्या चाकाने पडलेला घट्टा होता. त्याच्याही होता, त्याच जागी.
त्याने कप घेतला. चहा प्यायला नाही.
"लिहा. पहाटेची पाळी. पूर्ण."

बेरीज: सोळा.

मॅडम गेल्यावर बायको कडाडली, "घालवलीत ना हातची विहीर! मला विचारायचं तरी."
"एकोणीस वर्षं कुठे विचारलं?"
तिने त्याचा न प्यायलेला कप उचलला. मग म्हणाली, "वाहिनी कधी येणार?"
"दोन वर्षं तरी लागतील. तोवर पहाट माझी."
"बघूच," ती म्हणाली, आणि गजराचं घड्याळ त्याच्या उशाशी नेऊन ठेवलं.