पर्सीने घेऊन दिलेला लॅपटॉप

माझा धाकटा भाऊ पर्सी सहा वर्षांनी चिलीतल्या खाणीतून सीमेअलीकडे आमच्या टाकना शहरात आला, तो मुलाला गेमिंग लॅपटॉप घेऊन द्यायचाच असं ठरवून. हा मुलगा, ब्रायस, त्याच्या आईकडे, योवानाकडे, वाढला. पर्सीचा फोन आला की "हं", "बरं" यापलीकडे त्याचं बोलणं जात नसे.

"नेली, तू पण चल बाजारात," पर्सी मला म्हणाला. "दोघंच गेलो तर बोलायचं काय?"

दुकानात त्याने लाल-निळे दिवे लुकलुकणारा एक लॅपटॉप उचलला. "हा घे! विमानच वाटतंय."

"तो तापतो," ब्रायस म्हणाला. "पंखाही बोंबलतो."

मग पोराने दुकानवालीला असे काही प्रश्न विचारले की ती आतून दुसरे खोके काढू लागली. ग्राफिक्स कार्ड कुठलं, मेमरी नंतर वाढवता येते का, मोठा गेम चालवून दाखवा. पर्सीला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तो पोराच्या तोंडाकडे बघत सगळ्याला मान डोलवत होता. शेवटी ब्रायसने एक साधासा काळा लॅपटॉप निवडला.

"आणि कंट्रोलर दोन द्या."

पर्सीचा चेहरा एकदम खुलला. "दोन? मग शिकव हं मला. हरलो तर हसायचं नाही!"

ब्रायस वायर तपासत राहिला.

योवानाच्या घरी सगळं जोडून होतंय तोवर अबेलार्दो आला. योवानाचा आताचा नवरा, शहरात मिनीबस चालवतो.

"अरे, ये लवकर!" ब्रायस ओरडला. दिवसभरात त्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकलाच नव्हता. "आता अजिबात अडकत नाही बघ!"

पर्सीला पाहून अबेलार्दो दारातच थबकला. "पर्सी, तुम्ही बसा ना. मी नंतर खेळीन."

"त्यांना येत नाही," ब्रायस म्हणाला.

"खेळा, खेळा," पर्सी म्हणाला. "मी बघतो."

तो मागच्या खुर्चीवर बसला. पुढे दोघांचा दंगा चालला होता. "डावीकडे! आंधळा आहेस का रे?" ब्रायस अबेलार्दोला म्हणत होता, आणि तो हसत होता.

योवानाने पिकांतेची, म्हणजे तिखट रश्श्याची, ताटली पुढे केली. "जेवून जा."

"नको. सीमेवर रांग असते." पर्सी उठला.

"थँक्यू हं," ब्रायस मान न वळवता म्हणाला.

मी सीमेपलीकडे आरिकाला जाणाऱ्या टॅक्सीपर्यंत सोबत गेले. वाटेत तो म्हणाला, "चांगला आहे ग तो माणूस."

"हो."

"वाईट असता तर भांडता तरी आलं असतं."

टॅक्सी भरली. मागच्या सीटवर दोघा अनोळखी माणसांच्या मध्ये तो अंग चोरून बसला.

त्यानंतर पर्सीने ब्रायसला फोन करणं सोडलं. ब्रायस अजून येतो माझ्याकडे, आत्या आत्या करत गप्पा मारतो. बाप फोन का करत नाही, हे त्याने कधीच विचारलं नाही.