तारोडीची पडीक जमीन

"कोनाची गं तू? बिल्डरची हायस?"

मनाली घवाळीने टॅबवरून मान वर केली. समोर तारोडी कोळीवाड्यातल्या चंपाबाई उभ्या होत्या, हातात सुक्या बोंबलांची टोपली. मागे त्यांचे दीर धाकू मोबाइल रोखून मनालीचा फोटो काढत होते.

"नाही हो मावशी, मी विद्यार्थिनी आहे. जीआयएसचा कोर्स करतेय. म्हणजे उपग्रहाच्या फोटोवरून नकाशे बनवायला शिकतेय. कुठे घरं, कुठे शेती, कुठे मोकळी जागा, ते नोंदवायचं."

"नोंदवून कोनाला देनार?"

"कॉलेजला."

"आनी कॉलेज कोनाला देनार?"

ते मनालीने कधी विचारलंच नव्हतं. धाकूंनी तिच्या ओळखपत्राचा फोटो घेतला, फोन नंबरही लिहून घेतला. ती गल्लीत वळली की कुणीतरी मागे येई, थांबली की तेही थांबे. शेवटी कंटाळून निम्मं गाव झाल्यावर तिने भाईंदरची बस पकडली.

तीन आठवड्यांनी धाकूंचा फोन आला.

"दोन मानसं टेप घेऊन आल्यात. त्यांच्याकडं नकाशा हाय. खाली तुझं नाव हाय."

मनाली पोचली तेव्हा माणसं निघून गेली होती. धाकूंनी मोबाइलमधला फोटो दाखवला. नकाशा तिचाच होता. पण गावाच्या पश्चिमेला, जिथे बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील सुकत होते, ती अख्खी जागा पिवळी दाखवली होती. पिवळा म्हणजे पडीक जमीन.

"माझी सासूबी हितंच मासळी सुकवायची," चंपाबाई म्हणाल्या. "पडीक कोन बोलला?"

"मी हे केलेलं नाही," मनाली म्हणाली. तिची खात्रीच होती.

परतताना बसमध्ये तिच्या डोळ्यांपुढे एकच माणूस येत होता, तिचे मार्गदर्शक अभिनव सर. सगळ्यांच्या फायली त्यांनी पेन ड्राइव्हवर मागून घेतल्या होत्या. एकदा ती केबिनमध्ये शिरली तेव्हा त्यांनी पटकन लॅपटॉप मिटला होता. "तारोडीचं कधी होतंय?" असं तर ते रोज विचारत. बाकी कुणाच्या गावाची त्यांना एवढी घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती सरांशी काहीच बोलली नाही. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर लॅबमध्ये बसून तिने मूळ फाइल उघडली. पिवळ्या तुकड्यावर क्लिक केलं. शेवटचा बदल कुणी केला, कधी केला, याची नोंद समोर आली. नाव तिचं होतं.

सरांनी माझा पासवर्ड वापरला, हाच विचार पहिल्यांदा आला. मग तिने तारीख पाहिली. तारोडीहून आली त्याच संध्याकाळची. त्या संध्याकाळी ती याच खुर्चीवर होती. उरलेलं निम्मं गाव तिने जागेवर न जाता, पडद्यावर बघून रंगवलं होतं.

तिने त्याखालचा उपग्रहाचा फोटो उघडला. तो जूनमधला होता. मासेमारी बंद, पावसाच्या तोंडावर वलांड्या काढून ठेवलेल्या. फोटोत नुसती तपकिरी, रिकामी माती दिसत होती. ती पाहून तिनेच जागा पडीक धरली होती.

तरीही ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"चूक माझी आहे, सर. पण नकाशा बाहेर कोणी दिला?"

अभिनव सरांनी चष्मा काढला. "कॉलेजचा एका नियोजन कंपनीशी करार आहे. मुलांचं काम त्यांना जातं. कच्चा मसुदा म्हणून."

"कच्चा असं नकाशावर कुठे लिहिलंय?"

"लिहिलं होतं. त्यांनी कापलं असेल."

"आणि हे आम्हाला कधी सांगणार होतात?"

सरांनी चष्मा पुन्हा लावला. मनालीचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला नाही, पुढेही कधी बसला नाही. ती म्हणाली, "मी गाव पुन्हा करते. सध्याचा नकाशा चुकीचा आहे असं पत्र तुमच्या सहीने कंपनीला द्या."

"तुझं सबमिशन चुकेल. सहा महिने वाया जातील."

"जाऊ देत."

मनालीने तिथेच लिहून दिलेल्या पत्रावर सरांनी सही केली.

रविवारी ती तारोडीला गेली. सरांवर ढकलणं सोपं होतं, बसमध्ये ते वाक्य तिने मनात दोनदा जुळवलंही होतं. पण चंपाबाईंसमोर उभी राहिल्यावर ती म्हणाली, "मावशी, तो पिवळा रंग मीच भरला. इकडे न येता."

चंपाबाईंनी हातातली टोपली खाली ठेवली. धाकू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

"चल," चंपाबाई म्हणाल्या.

दोघी प्रत्येक वलांडीपाशी थांबल्या. चंपाबाई कुणाची ते सांगत, मनाली टॅबवर खूण करी, आणि धाकू प्रत्येक खूण आपल्या मोबाइलच्या नकाशाशी ताडून बघत. ऊन डोक्यावर आलं तरी चंपाबाईंनी एकही वलांडी सोडू दिली नाही.

महिनाभराने कंपनीचं उत्तर आलं. सुधारित मसुद्यात ती जागा मासळी सुकवण्याची म्हणून दाखवली होती. मनालीने त्याची मोठी प्रत काढून चंपाबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती जमिनीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, पण चेहरा काही सैल पडला नाही.

"आता ही फाइल कोन कोन उघडू शकतं?"

या वेळी मनालीने विचारून घेतलं होतं. "मी. अभिनव सर. कॉलेजातले दोघं. कंपनी. आणि कंपनी ज्यांना देईल ते सगळे."

"धाकू, लिवून घे," चंपाबाई म्हणाल्या. "पयलं नाव हिचं लिव."