म्हशीच्या पोटातले गजरे

खंडोबाची आन, ह्यातलं एक अक्षर खोटं न्हाई. खोटं आसंल तर माझा उरलेला एकुलता दात आत्ता गळून पडू दे!

दौंड टेसनाच्या दारात धुरपदा आन् तिचा दीर पोपटराव मोगऱ्याचे गजरे इकायचे. आदल्या सांजंला केंदूरच्या माळ्याला यष्टीबरोबर निरोप धाडायचा, सकाळी माल हजर. येक गजरा पाच पैशाला घ्यायचा, धाला इकायचा.

पोपटराव रोज चाळीस मागवायचा. "गिऱ्हाईक हात हलवत गेलं, म्हंजी लक्ष्मी गेली!" उरलेले गजरे म्हशीम्होरं टाकायचा. म्हशीनं खाल्लं म्हंजी वाया गेलं न्हाई, ह्यो त्याचा हिशेब. दुधाला असा घमघमाट सुटला, की गार्डसायबानं चहा पिण्याआधी दोन थेंब कानामागं लावलं!

धुरपदानं धा दिस भितीवर कोळशानं रेघा वढल्या. तीन दिस वीस खपले, चार दिस तीस, गाडी लेट झाली त्या तीन दिशी चाळीस. मग चिंचोके मांडून बसली. रोज वीस मागवलं, तर धा दिसांत धा रुपय सुटतात. चाळीस मागवलं तरी धाच. तीसला मात्र बारा!

"मामा, धा दिस निरोप मी धाडते," ती सासऱ्याला, हौसरावांना म्हणाली.

पोपटराव हसला. "वैनी, धा रुपयाच्या वर न्हाई सुटलं तर हरलात, मग टेसन सोडायचं. निमोण्याच्या रानात कांदा खुरपायचा, जलमभर!"

"आन् जिंकले तर खुरपं तुमचं, भावजी."

तिसऱ्याच दिशी गाडी लेट. तीस गजरे खपले, आन् म्होरं वऱ्हाड उभं! पोपटराव टाळ्या पिटत मोजाय लागला, "गेलं एक! गेलं दोन!" पार धापतूर मोजलं त्यानं. धुरपदाचं काळीज निमोण्याच्या बांधावर जाऊन बसलं. सांजंला निरोप धाडताना जिभंवर चाळीस आलं. तिनं भितीकडं बघितलं आन् तीसच सांगितलं.

दुसऱ्या दिशी गाडी येळंवर. खपले वीस. उरलेले धा पोपटराव म्हशीम्होरं टाकून आला.

धाव्या दिशी हौसरावांनी फडक्यातली चिल्लर मोजली. माळ्याचं देऊन बारा रुपय!

"पोप्या, गेलेलं गिऱ्हाईक बोंबलून मोजलंस. म्हशीच्या पोटातलं कुणी मोजायचं रं?"

पोपटराव खुरपं घेऊन यष्टीत बसला. म्हशीनं चार दिस कडब्याला तोंड लावलं न्हाई.

दात हलाय लागला बया! बरं, सांगते. गार्डसायबानं चहा नुसता पिला. कानामागचं तेवढं माझ्या पदरचं.