गोलखांबाची पूजा

बंगाली वर्षाच्या पहिल्या सकाळी बेलघरियाच्या फुटबॉल मैदानात गोलखांबाला झेंडूची माळ चढली. या पूजेला त्या वर्षीचा कर्णधार बसतो, अशी रीत. गोलरक्षक झुमुर मुद्दाम मागे उभी होती. गेल्या सामन्यात तिने चार गोल खाल्ले होते. आता मुलींच्या संघात जागा तरी राहील का, हीच धास्ती.

"संकल्प कुणाच्या नावे?" भटजींनी विचारलं.

"झुमुर पालच्या," प्रशिक्षक पुलकदा म्हणाले.

"दादा, मी? अहो, चार गोल..."

"आणि पाचवा अडवताना कोपर फोडून घेतलंस. मी पाहिलं ना!"

"बस की गं, चाळणी! लुची-भाजी थंड होतेय," मैत्रिणी ओरडल्या.

झुमुर रडत रडत हसली. आधी पुलकदांच्या पाया पडली, मग खांबाच्या.