मानखुर्दला दिलेला शब्द

पॉलिटेक्निकमधली शिकवण्याची नोकरी सोडून व्हॅलेन्सिया मिस्किटा वीज कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात लागली, तेव्हा तिला वाटलं होतं की आता लोकांचं काहीतरी काम होईल. पण कामाला हात लावायच्या आधीच तिला इतर नव्या अधिकाऱ्यांबरोबर अंधेरीच्या एका प्रशिक्षण केंद्रात बसवलं. विजेचे दर कसे ठरतात, कंपनीचा खर्च कसा तपासायचा, सुनावणी कशी चालवायची. एसी इतका गार की सगळे हात चोळत बसायचे. व्हॅलेन्सियाचं लक्ष सारखं दाराकडे.

शिकवायला वसुधा मॅडम होत्या. याच खात्यातून निवृत्त झालेल्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या. "आपण ग्राहकाचे नाही आणि कंपनीचेही नाही," त्या सांगायच्या. "दोघंही आपल्यावर सारखेच नाराज असले, तर समजा काम नीट चाललंय." वर्ग हसायचा. व्हॅलेन्सियाला हसू यायचं नाही.

बुधवारी सगळ्यांना मानखुर्दला नेलं. आधी सबस्टेशन, मग बाजूची वस्ती. लोकांचं ऐकायचं, कबूल काही करायचं नाही, अशी ताकीद मॅडमनी बसमध्येच दिली होती.

वस्तीतल्या एका गल्लीची मीटरपेटी जळाली होती. बाकीच्यांची लाइट परत आली, शेवटच्या काही घरांची नाही. त्या जागेच्या मालकीचा वाद होता, म्हणून कंपनी तिथे नवे मीटर बसवत नव्हती. त्यातल्या एका घरात अनुपमा राणे राहायची. मूळची कणकवलीकडची, इडलीचं पीठ वाटून आसपासच्या दुकानांना पुरवणारी. तिचा ग्राइंडर कोपऱ्यात जुन्या साडीखाली झाकलेला होता.

"तुम्ही कंपनीचे?" तिने विचारलं.

"नाही. आम्ही कंपनीवर लक्ष ठेवणारे."

"म्हणजे कंपनी तुमचं ऐकते?"

"ऐकावंच लागतं," व्हॅलेन्सिया म्हणाली.

"मग लाइट कधी येणार?"

बाकीचे पुढे गेले होते. आम्ही सध्या नुसते शिकतोय, हे वाक्य व्हॅलेन्सियाच्या तोंडापर्यंत आलं आणि तिला त्याची लाज वाटली.

"उद्या संध्याकाळपर्यंत होऊन जाईल," ती म्हणाली. "मी बघते."

परतताना बसमध्ये तिला बसवेना. कंपनीत कुणाला फोन करायचा, काय म्हणून करायचा, काही सुचेना. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधीच तिने वसुधा मॅडमना गाठून सगळं सांगितलं.

"कुठल्या अधिकारात बोललीस हे?" मॅडमनी विचारलं.

"त्यांच्या घरात अंधार आहे, मॅडम."

"तो मलाही दिसला. आता तू कंपनीला फोन केलास आणि उद्या हीच तक्रार आपल्याकडे आली, तर कंपनी म्हणेल की निकाल आधीच ठरला होता. आणि ते खरं असेल. नुकसान त्या बाईचंच."

"मग मी काय करू?"

"शब्द परत घे. तिच्यासमोर उभी राहून घे."

दुपारचा वर्ग संपायच्या आत व्हॅलेन्सिया निघाली. मानखुर्दला पोचली तर अनुपमाच्या दारात दोन मोठी पातेली. एकात तांदूळ, एकात उडीद, दोन्ही भिजून टम्म फुगलेले.

"लाइट नाही येणार," व्हॅलेन्सिया म्हणाली. "मला तसं सांगायचा अधिकारच नव्हता. माझी चूक झाली."

"मग सांगितलंत कशाला? उद्या सकाळी बारशाची ऑर्डर आहे. तुमच्या भरवशावर घेतली मी."

व्हॅलेन्सियाने तक्रार कुठे करायची ते समजावलं. आधी कंपनीकडे, तिथे नाही झालं तर ग्राहकांच्या तक्रार मंचाकडे, आणि शेजाऱ्यांनी एकत्र केली तर बरं.

"ते करीन मी," अनुपमा म्हणाली. "आधी हे कुठे वाटू ते सांगा. की गटारात ओतू?"

व्हॅलेन्सिया पातेल्यांकडे बघत उभी राहिली. मदत केली तर ती या बाईच्या बाजूची झाली. मग या तक्रारीच्या सुनावणीला तिने कधीच बसता कामा नये. आणि नाही केली, तर... तिने फोन काढला.

"मम्मी, ग्राइंडर चालू आहे ना? मी येतेय. सोबत एक जण आहेत."

रिक्षात दोघींनी एकेक पातेलं मांडीवर धरलं होतं. खड्डा आला की पाणी अंगावर. चेंबूर मागे पडेपर्यंत अनुपमाने पातेल्यावरचा हात काढला नाही.

कुर्ल्याच्या ख्रिश्चन गावात व्हॅलेन्सियाची आई पर्पेच्युआ दारातच उभी होती. ग्राइंडर तिने आधीच धुऊन ठेवला होता.

"उडीद आधी वाट गं," ती अनुपमाला म्हणाली, "तांदूळ मागाहून."

"ठाऊक आहे मला," अनुपमा म्हणाली.

पर्पेच्युआने चहा ठेवला. पहिला कप अनुपमाने तसाच गार होऊ दिला. दुसरा घेतला.

"हिला लहानपणापासून दम निघत नाही," पर्पेच्युआ म्हणाली.

"कळलं ते मला," अनुपमा म्हणाली. डब्यांत पीठ भरून ती निघाली, तेव्हा तिने व्हॅलेन्सियाकडे वळून पाहिलं नाही.

सकाळी व्हॅलेन्सियाने मॅडमना उरलेलंही सांगितलं.

"म्हणजे त्या गल्लीचं प्रकरण तुझ्यासाठी संपलं," वसुधा मॅडम म्हणाल्या.

"माहीत होतं मला, मॅडम. तसं लिहून देते."

"माहीत असून केलंस?"

"हो."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "शब्द दिलास तिथे चुकलीस. नंतरचं मी वर्गात शिकवणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुला रागावणारही नाही."

अनुपमाने शेजाऱ्यांना घेऊन तक्रार केली. कंपनी तारखा मागत राहिली, प्रकरण वर व्हॅलेन्सियाच्याच कार्यालयात आलं. त्या सुनावणीला ती बाहेर बसली. दारापलीकडून अनुपमाचा आवाज येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. दोनदा ती उठली, दोनदा बसली. शेवटी हर्षद, तिच्याबरोबर शिकलेला अधिकारी, बाहेर आला.

"मीटर बसवायचा आदेश झाला," तो म्हणाला. "जागेचा वाद कोर्टात चालू दे."

"तिचा धंदा? दुकानांच्या ऑर्डरी परत मिळाल्या का तिला?"

"ते आपण विचारत नाही ना यार."

व्हॅलेन्सिया जागेवर गेली. टेबलावर बोरिवलीची फाइल होती. तिथलं तिच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. तिने ती उघडली.